गडावरचा मुक्काम बंद करून काय साधणार?

दर पावसाळ्यात आमच्या मुलुंडच्या ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. कळसूबाईच्या शिड्यांवरची रांग, हरिश्चंद्रगडावर पडलेल्या बाटल्या नि वेफर्सची पाकिटं असे फोटो आले की अर्धे म्हणतात रात्रीचा मुक्काम सरळ बंद करून टाका, आणि अर्धे म्हणतात डोंगर काय कोणाच्या बापाचे आहेत का. मी आता बॉस्टनला असते, आणि इथल्या डोंगरातल्या हट्स, म्हणजे ट्रेकवाल्यांच्या मुक्कामाची घरं, बघितल्यापासून मला दोन्ही बाजू पटत नाहीत.

बॉस्टनच्या उत्तरेला न्यू हॅम्पशायरमध्ये व्हाइट माउंटन्स आहेत. आपल्याकडे शनिवारी रात्री कसारा लोकल पकडतात तसे इथले लोक वीकेंडला तिकडे पळतात. 1876 साली बॉस्टनमध्ये ॲपालाचियन माउंटन क्लब निघाला आणि त्यांनी 1888 ला मॅडिसन स्प्रिंग इथे दगडी हट बांधली, साधी, नुसत्या आसऱ्यापुरती. 1900 च्या जूनअखेर क्लबच्या सभेसाठी माउंट वॉशिंग्टन चढणारे दोन जण वादळात सापडून दगावले. जून म्हणजे इथला उन्हाळा, पण त्या डोंगरावर कधीही बर्फाळ वारं सुटतं, 1934 ला तिथे ताशी 372 किमी वेगाचा वारा मोजलाय. त्या दोघांच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी वाटेत एक छोटा निवारा उभारला आणि 1915 ला त्या भागात लेक्स ऑफ द क्लाउड्स ही मोठी हट झाली. आज एकूण आठ हट्स आहेत, साधारण एकेका दिवसाच्या चालीवर. हिवाळ्यात त्यातल्या दोनतीन उघड्या असतात, स्कीवाले बर्फातून त्यातल्या झीलंड हटला जातात, जेवणाचं सामान आपलं आपण न्यायचं आणि झोपायच्या खोलीत हीटर नाही.

पण मला सगळ्यात भावतात ती तिथे काम करणारी पोरंपोरी. बरीचशी कॉलेजवयाची, उन्हाळाभर वरच राहतात, रांधतात, ताजी भाजी वगैरे लाकडी चौकटीवर बांधून पाठीवरून वर नेतात आणि उतरताना कचरा खाली आणतात. गॅस आणि कोरडं सामान सीझनच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरने जातं, बाकी सगळं माणसाच्या पाठीवर. किती माणसं झोपणार ते बंकवरून ठरलेलं, बुकिंग आधी करायचं, आणि पाहुण्यांनी आपला कचरा आपणच घेऊन उतरायचं, वर डस्टबिनच नाहीत. म्हणजे माणसं येतात, राहतात, पण डोंगराला कोणीतरी जबाबदार माणूस आहे.

आपल्याकडे नेमकं हेच नाही. बंदीचा कागद निघतो, गेटवर पोलीस उभे राहतात, पुढच्या शनिवारी लोक आडवाटेने चढतात आणि कचरा कोणाचाच नसतो.

आणि खरं तर सह्याद्रीत जबाबदार माणसं आधीपासून आहेतच! राजमाचीच्या उधेवाडीत, हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीत घरोघरी पिठलं-भाकरी मिळते, ओसरीवर झोपायला मिळतं, कित्येक मुंबईकरांची पहिली डोंगरातली रात्र तिथेच गेलीय. गडावर काही बांधायचं नाहीच, त्या संरक्षित वास्तू आहेत, काही अभयारण्यात येतात. पण पायथ्याच्या गावात पन्नास माणसांची साधी धर्मशाळा, नीट संडास, पाण्याची टाकी, एवढं तर होऊ शकतं ना? आकडा गावाने ठरवावा, गड चढायचा पासही गावानेच द्यावा, आणि बुकिंग, ट्रेनिंगसाठी मुंबईतल्या जुन्या क्लबांनी मदत करावी, गिरिविहार तर 1954 पासून आहे.

इथलं एक मात्र अजिबात घेऊ नका, ते म्हणजे भाडं. माणशी शंभर डॉलरच्या वर जातं, जेवण धरून असलं तरी साध्या कुटुंबाला परवडत नाही. डोंबिवलीच्या कॉलेजच्या पोराला खिशातल्या पैशांत राहता आलं पाहिजे. म्हणून माझं म्हणणं, संडास आणि टाकीचा खर्च सरकारने करावा आणि मुक्कामाचे पैसे गावाकडेच राहू द्यावेत, म्हणजे दर कमी ठेवूनही भाकऱ्या थापणाऱ्या बाईला तिच्या कष्टाचं मिळेल.