बिया चोरणाऱ्यांच्या बाजूने

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "प्राणी बिया पेरत नाहीत, खातात. त्यांना उगाच माळी ठरवू नका. जंगल परत हवं असेल तर खड्डे खणा, रोपं लावा," असं तुमचं म्हणणं. यातलं पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणूनच सविस्तर लिहितोय.

पनामाच्या जंगलात अगूटी नावाचा, मांजराएवढा, उंदीर-घुशींच्या जातकुळीतला प्राणी आहे. एका काटेरी ताडाच्या बिया तो एकेक करून जमिनीत पुरतो. पेरायला नव्हे, पुढे खायलाच. संशोधकांनी अशा बियांना छोटे रेडिओ ट्रान्समीटर बांधून पाहिले. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाने पुरलेली बी दुसरा चोरतो, दुसऱ्याची तिसरा. त्यातली एक बी तर ३६ वेळा हलवली गेली, एकूण ७४९ मीटर फिरली आणि मूळ जागेपासून २८० मीटरवर अखेर एका अगूटीच्या पोटात गेली! म्हणजे इथे तुमचंच खरं. पण त्याच अभ्यासाच्या अंदाजानुसार सुमारे १४ टक्के बिया पुढच्या हंगामापर्यंत टिकल्या. नवी फळं आली की जुन्या बिया उकरायची गरजच उरत नाही. मूळ झाडाखाली पडून राहिलेल्या बियांना ही संधी सहसा मिळत नाही. तिथे त्याच जातीवर टपलेली कीड आणि बुरशी आधीच ठाण मांडून असते. त्या मानाने शंभरातल्या चौदा मला पुष्कळ वाटतात.

आता रोपांबद्दल. माती धुऊन गेली असेल, जवळपास जुनं जंगल उरलंच नसेल, तर रोपं लावावीच लागतात. यावर माझा वाद नाही. पण जवळ जंगल शाबूत असेल तर फळं खाणारी वटवाघळं रात्री उघडं रान ओलांडतात आणि उडता उडताच विष्ठा टाकतात. तिच्यातून मिरीच्या कुळातली झुडपं, सेक्रोपियासारखी झपाट्याने वाढणारी झाडं येतात. पक्ष्यांना बसायला फांदी लागते; ती मिळाली की तेही येतात, आणखी बिया घेऊन. मोठ्या बियांच्या झाडांना मात्र मोठ्या चोचीचे टूकान पक्षी, माकडं, डुकरासारखे दिसणारे टॅपिर लागतात. शिकारीत आधी हेच संपतात, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

बिया नेणारे संपले की काय होतं, ते प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दिसतं. तिथे बाहेरून आलेल्या तपकिरी सापाने रानपक्षी जवळजवळ संपवले. आता कितीतरी झाडांची फळं पिकून खोडाशीच गळतात.

तुम्ही रोपं जरूर लावा. फक्त त्यांच्यामध्ये न लावलेलं काही उगवलं, तर तण म्हणून लगेच उपटू नका, एवढी कळकळीची विनंती.