टाकी भरली

नवतप्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगभर साबण लावून उभा होतो आणि नळातून फक्त फुस्स असा आवाज आला. या दिवसांत नागपुरात दुपारी नळाचं पाणी थेट चहाला चालतं, म्हणून आंघोळ सकाळीच उरकावी लागते. ती निम्म्यावर आली होती.

"बाबा, मोटर!"

"बंद केली मी," दाराबाहेरून शांत उत्तर आलं. "टाकी ९४ टक्के भरली न बे. तुझ्या फोननंच सांगितलं."

यात बाबांचा काही दोष नव्हता. दोष नाव ठेवणाऱ्याचा, म्हणजे माझा.

मी धंद्यानं सर्व्हरवाला. चारपाच छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो. त्यातलं सगळ्यात खादाड गिऱ्हाईक म्हणजे धरमपेठेतला एक लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ. तिथे मी झेडएफएस बसवलं, म्हणजे डिस्कांवरच्या फाइली सांभाळणारी व्यवस्था. झेडएफएसमध्ये सगळ्या डिस्का एकत्र करून एक पूल बनवतात आणि त्याला नाव द्यावं लागतं. इंग्रजी मॅन्युअलांमध्ये उदाहरणाला बहुतेक वेळा 'टँक' हेच नाव असतं. मला मराठीचा अभिमान उफाळून आला आणि मी लिहिलं 'टाकी'. पूल किती भरला याचा फोनवर मेसेज यावा अशी सोयही केली. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला असतो, बाबा पाचला उठतात, आणि आमच्या घरात मोटरचं खातं बाबांकडे आहे. पोरानं टाकीला सेन्सर बसवला हे ते आठवडाभर शेजाऱ्यांना सांगत होते, असं नंतर कळलं.

अंग पुसत (धुण्याचा प्रश्नच नव्हता) मी घाईत म्हणालो, "बाबा, ती टाकी वेगळी आहे." बाबा "हाव का?" म्हणाले. हे संभाषण लक्षात ठेवा.

स्टुडिओत पोचलो तेव्हा पूल ९६ वर होता. पूर्वीच्या पद्धतीत डिस्कचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर वेगळी फाइल सिस्टिम. म्हणजे भावाभावांत वाटणी झालेलं घर: एकाकडे पाय ठेवायला जागा नाही, दुसऱ्याची खोली रिकामी, मध्ये भिंत. झेडएफएस म्हणजे एकत्र कुटुंब. धान्याची कोठी एकच, ज्याला लागेल त्यानं त्यातून घ्यावं. तोटाही एकत्र कुटुंबाचाच. कोटा ठरवून दिला नाही तर एक भाऊ सगळ्यांचं खातो. आमच्याकडे 'कच्चं शूटिंग' नावाचा थोरला भाऊ बिलांच्या आणि अल्बमांच्या वाट्यासकट सगळं खाऊन बसला होता. कोटा लावायचा मी विसरलो होतो. विसरलो म्हणजे 'पुढच्या आठवड्यात लावू' म्हणालो होतो, दीड वर्षापूर्वी.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं २००५ साली झेडएफएसचा कोड खुला केला. १२८ बिटांची ही व्यवस्था. ती करणाऱ्या मंडळींतला म्होरक्या जेफ बॉनविक याचा हिशेब असा, की असा पूल काठोकाठ भरायला जी ऊर्जा लागेल तिच्यात पृथ्वीवरचे समुद्र उकळतील. हे वाचून मी निर्धास्त झालो होतो. पण हा हिशेब मांडताना त्यानं विदर्भातली लग्नसराई पाहिली नसणार. हळदीला तीन कॅमेरे, वरातीला ड्रोन, आणि नवरीच्या मामानं पायरी चढतानाचं स्लो मोशन. समुद्राचं माहीत नाही, अंबाझरी तलाव मे महिन्यात उकळायच्या बेतात असतोच.

स्टुडिओचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांचा पहिला प्रश्न नेहमीचाच.

"चार टीबीच्या सहा डिस्का घेतल्या न आपण? चोवीस झाले. मग हे साडेचौदाच्याही आत काऊन दाखवून राहिलं?"

मी पुन्हा सांगितलं. रेडझेड-टू आहे, दोन डिस्कांइतकी जागा दुरुस्तीच्या हिशेबाला जाते, म्हणजे उरले सोळा. आणि डिस्कवाले टीबी हजारानं मोजतात, कॉम्प्युटर १०२४ नं मोजतो, म्हणून सोळाचे साडेचौदा दिसतात. वर थोडी घट.

"हे तं इतवारीतल्या धान्यासारखं झालं," भाऊ म्हणाले. "काट्यावर वेगळं, घरी वेगळं." याला उत्तर नाही. मी दीड वर्ष शोधतोय.

तोवर एडिटर पोरानं माझं काम सोपं करायचं म्हणून गेल्या वर्षीचं अडीच टीबी कच्चं शूटिंग उडवून टाकलं होतं. मोठ्या कर्तबगारीनं सांगितलं. मी पाहिलं. ९६ टक्के. त्यानं आणखी एक फोल्डर उडवला. ९६. मग त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी आपण भूक लागल्यावर बंद हॉटेलाकडे पाहतो.

आता इथे माझं खरं पाप सुरू होतं. झेडएफएस जुन्या मजकुरावर कधीच गिरवत नाही. बदल झाला की नवा मजकूर कोऱ्या जागी लिहितं आणि तो नीट बसल्यावरच पत्ता बदलतं. म्हणून लिहिता लिहिता लाईन गेली तरी अर्धवट लग्न लागत नाही. एकतर जुनं, नाहीतर नवं. याच्याच जोरावर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या सगळ्या मजकुराचा फोटो, मिळतो: जुने पत्ते मोडू नका, एवढंच सांगायचं. क्षणात होतो, घेताना जागाही जवळपास लागत नाही. फुकट मिळतंय म्हटल्यावर मी दर तासाला एक लावून दिला होता. जुने काढून टाकायची स्क्रिप्ट 'पुढच्या आठवड्यात'. दीड वर्षं, दर तासाला एक. यादी काढली तर तेरा हजारांच्या वर स्नॅपशॉट, आणि पोरानं जे जे उडवलं ते त्यांच्यातल्या कुणी ना कुणी छातीशी धरून बसलेलं.

बरं, जागा कुणी खाल्ली म्हणून एकेकाला विचारावं तर उत्तर शून्य. काहींचं बारा केबी, काहींचं चाळीस. कारण जो मजकूर दोन स्नॅपशॉटनी मिळून धरलाय तो दोघांपैकी कुणाच्याच खात्यात दिसत नाही. लग्नाच्या पंगतीतून उठणाऱ्या प्रत्येक वऱ्हाड्याला विचारा, "मी तं बाप्पा फक्त चाखला," असंच म्हणेल. आणि आत पाहावं तर गुलाबजामची कढई रिकामी.

पूल अगदी गच्च झाला असता तर पुसणंही जड गेलं असतं, कारण पुसलं हे लिहून ठेवायलाही कोरी जागा लागते. या वेळेसाठी झेडएफएस थोडी जागा आपल्यापासून लपवून ठेवतं. आईच्या तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी पाचशेच्या दोन नोटा असतात, तसं. मी डाळीच्या डब्यापर्यंत पोचायच्या आतच हालचाल करायचं ठरवलं.

स्नॅपशॉट उडवायची आज्ञा म्हणजे 'डिस्ट्रॉय'. ती तुम्हाला 'नक्की का?' असं विचारत नाही. आपल्याकडे रिक्षावालासुद्धा 'बर्डीलेच न?' म्हणून दोनदा खातरजमा करतो. ही करत नाही. सुदैवानं एक रंगीत तालीम असते: काय काय जाईल आणि किती जागा सुटेल ते नुसतं सांगते, करत काही नाही. पहिल्या स्नॅपशॉटपासून मागच्या महिन्यापर्यंतची रांग देऊन तालीम घेतली. चार टीबीच्या आसपास सुटणार होते. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा पोराकडून वाचून घेतलं, मनातल्या मनात टेकडीच्या गणपतीला नारळ बोललो आणि तालमीची खूण काढून एंटर दाबलं.

जागा सुटायला लागली. भाऊंनी ताक मागवलं. ते येईपर्यंत सहज म्हणून पूलची तब्येत सांगणारी 'झेडपूल स्टेटस' ही आज्ञा टाकली, आणि वरच्याच ओळीत लिहिलेलं: डिग्रेडेड. एक डिस्क फॉल्टेड. कधीपासून कोण जाणे. मेसेज मी फक्त भरण्याचा लावला होता, मरण्याचा नाही.

सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं तर वाळ्याचा घमघमाट. खोलीतला एसी व्होल्टेज पडल्यामुळे आदल्या रात्री बंद पडला होता आणि भाऊंनी मायेनं सर्व्हरच्या तोंडासमोर मोठा डेझर्ट कूलर आणून ठेवला होता. पंप चालू, पंखा फुल, ताट्या नव्या. माझ्या नोकरीचा मजकूर ज्यात आहे ते यंत्र ओल्या वाऱ्यात गारेगार उभं, वरच्या झाकणावर दवाचे थेंब असावेत असा मला भास झाला. मी हात लावून पाहिलं. भास नव्हता.

"तापलं होतं बिचारं," भाऊ म्हणाले.

मी कूलर कोपऱ्यात वळवला. डिस्क उन्हानं गेली, ओलाव्यानं गेली की वयानं, हे मी कुणालाच विचारलं नाही.

आता मेलेली डिस्क काढायची. कॉम्प्युटर म्हणतो 'एसडीसी'. सहा खणांपैकी 'सी' कुठला? डावीकडून तिसरा, असं कुठल्याही सज्जन माणसाला वाटेल. मलाही वाटलं. ही नावं पेटीतल्या जागेवरून पडत नाहीत, आणि मशीन पुन्हा चालू झालं की बदलूही शकतात. म्हणून प्रत्येक खणावर डिस्कचा सिरियल नंबर चिकटवायचा असतो. चिकटपट्टी मी आणली होती. ती ड्रॉवरमध्ये होती, प्लास्टिकसकट.

डावीकडून तिसरी डिस्क ओढली आणि पडद्यावर दुसरी ओळ आली: रिमूव्हड. म्हणजे मेलेली तशीच आत, आणि धडधाकट डिस्क माझ्या हातात. अजून कोमट होती. सहातल्या दोन गेल्या. रेडझेड-टूला दोनपर्यंत चालतं. तिसरी गेली की शेकडो नवऱ्यामुलींचे बाप माझ्या दारात. मी ती डिस्क दोन्ही हातांनी धरून उभा होतो, सत्यनारायणाचा प्रसाद सांडू नये म्हणून धरतात तशी.

"बॅकअप आहे न?" भाऊंनी मागून विचारलं.

"दोन डिस्का गेल्या तरी चालते," मी म्हणालो. हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यांना ते कळलं नाही, आणि मीही विषय वाढवला नाही.

डिस्क परत सरकवली. तिनं मधल्या चार मिनिटांत चुकलेलं तेवढंच भरून घेतलं आणि ऑनलाइन झाली. मग मोबाईलचा टॉर्च लावून, चष्मा कपाळावर ढकलून, एकेक नंबर वाचत खरी मेलेली शोधली. उजवीकडून पहिली निघाली. सीताबर्डीहून नवी आणली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, रस्त्यावर मी आणि एक कुत्रं. त्यानंही सावली सोडली नाही.

नवी डिस्क बसवली की तिच्यावर मजकूर पुन्हा भरायची जी क्रिया चालते तिला रिसिल्व्हर म्हणतात. आरशाचा पारा उडाला की पुन्हा चढवतात, त्यावरून आलेला शब्द. मी त्याला कल्हई म्हणतो. लहानपणी महाल भागात आजीकडे कल्हईवाला यायचा. भाता, निखारे, नवसागराचा धूर, आणि काळ्या पातेल्यात कापसाचा बोळा फिरला की आतून चांदी. मिनिटाचं काम. इथे पडद्यावर लिहून आलं: ४३ दिवस बाकी. घटकाभरानं, ६ तास. जेवून आलो तर १९ तास. वऱ्हाडाची बस कुठवर आली हे बसमधल्याच काकांना फोनवर विचारावं, तसले हे आकडे. त्यात साडेसातला लाईन गेली, यूपीएस किंचाळायला लागला, आणि तो थकायच्या चार मिनिटं आधी लाईन आली. ती चार मिनिटं मी इथे वर्णन करणार नाही.

रात्री तिथेच सतरंजी टाकली. पहाटे साडेपाचला पाहिलं: कल्हई झालेली, सगळ्या डिस्का ऑनलाइन, चुका शून्य, आणि पूल ६८ टक्क्यांवर. कोटा लावला. नंबरांच्या पट्ट्या चिकटवल्या. जुने स्नॅपशॉट काढायची स्क्रिप्टही लावली. मग गाडी काढून घरी निघालो.

फोन मात्र आदल्या संध्याकाळी डबा घेऊन आलेल्या धाकट्या भावानं, चार्जर नाही म्हणून, घरी नेला होता. तो हॉलमध्ये नेहमीच्या जागी होता. आणि पहाटे त्यावर मेसेज आला होता: टाकी ६८ टक्के.

आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत. काळी प्लास्टिकची, आणि आजोबांच्या वेळची सिमेंटची, जी आम्ही वापरत नाही. 'ती टाकी वेगळी आहे' याचा बाबांनी रास्त अर्थ लावला होता. त्यांनी सिमेंटच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला, मोटर लावली, आणि १०० टक्क्यांचा मेसेज येण्याची वाट पाहत फोन हातात घेऊन आरामखुर्चीत बसले.

मी गल्लीत वळलो तेव्हा सिमेंटच्या टाकीच्या पाइपातून पाणी शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कोसळत होतं. तिथे जुन्या नऊवारीवर त्यांच्या वर्षभराच्या कुरड्या वाळत होत्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे शिजवून घातलेल्या कुरड्या. आता पुन्हा चीक होत होत्या.

मी धावत वर गेलो, व्हॉल्व्ह बंद केला आणि कठड्यावरून काय बोलावं ते सुचेना. काकू पदर खोचून उभ्या होत्या.

"सेन्सर बिघडला वाटते तुमचा," त्या म्हणाल्या. मग पायानं एक लगदा बाजूला सारला. "जाऊ दे. अर्ध्या मी कालच वर्ध्याले बहिणीकडे पाठवून देल्ल्या. सगळं एकाच गच्चीवर कोण ठेवते?"