कानाच्या पडद्याच्या ऑपरेशनबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय शांतपणे वाचला. ऑपरेशनला पाच आठवडे होऊनही कानात दडे बसल्यासारखं वाटतं, ऐकू तर आधीपेक्षाही कमी येतं, जिभेला एका बाजूला धातूसारखी चव लागते, आणि विचारलं की "नॉर्मल आहे" म्हणतात पण पडदा बसेलच अशी खात्री कुणी देत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. पेशंटच्या फाइलमधलं काहीही चारचौघांत मांडणं माझ्या पेशाला धरून नाही. त्यामुळे तुम्ही स्वतः इथे लिहिलंय तेवढ्यालाच उत्तर देतो.

आधी ऐकू येण्याबद्दल. पडदा शिवताना कानामागच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून ते पडद्यातल्या भोकाच्या जागी बसवतात. ते हलू नये म्हणून आतून मधल्या कानात आणि बाहेरून कानाच्या नळीत जेलफोम, म्हणजे आपोआप विरघळणारा स्पंज, भरतात. हा जेलफोम हळूहळू विरघळतो, त्याला काही आठवडे लागतात. तोवर आवाजाला आत जायला वाटच नसते, म्हणून सुरुवातीला बहुतेकांना आधीपेक्षा कमीच ऐकू येतं. टाके काढायला आलेल्या पेशंटला मी ओठ मिटून "हम्म" करायला लावतो. ते गुणगुणणं ऑपरेशन झालेल्या कानातच मोठं घुमलं, तर आतला कान शाबूत आहे आणि अडथळा त्याच्या अलीकडे, बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे असा अंदाज बांधता येतो. खरा हिशोब साधारण तीन महिन्यांनी, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, केल्यावरच कळतो. पाचव्या आठवड्यात ऑपरेशन फसलं किंवा यशस्वी झालं, यातलं काहीच मी म्हणणार नाही.

चवीचं कारण वेगळं आहे. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी एक बारीक नस पडद्याला अगदी लागून, मधल्या कानातून आडवी जाते. काम करताना ती बाजूला सारावी लागते आणि थोडी ताणली जाते. बहुतेकांची चव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होते. क्वचित कुणाची थोडी बदललेलीच राहते. जेवणाची गोडी गेली की माणूस किती कासावीस होतो हे मी पाहिलंय, त्यामुळे ही तक्रार मला किरकोळ वाटत नाही.

आता खात्रीबद्दल. ती मी देत नाही आणि देणारही नाही. चांगल्या हातांतही साधारण १० पैकी ९ पडदे बसतात, एखादा बसत नाही. भोक किती मोठं आहे, नाक आणि कान जोडणारी नळी नीट उघडते का, कान आधी कोरडा होता का, पेशंट सिगारेट ओढतो का, यावर बरंच अवलंबून असतं. शिवाय पडदा बसला तरी आतली हाडं झिजलेली असतील तर ऐकू येणं तेवढं सुधारत नाही. ऐकू येणं कायमचं कमी होणं किंवा चेहऱ्याच्या नसेला इजा होणं हे धोके दुर्मिळ आहेत, पण आहेत. म्हणूनच सही घेण्याआधी आम्ही ते बोलून दाखवतो. पेशंटला भीती वाटली तरी चालेल, पण त्याच्यापासून काही लपवणं मला पटत नाही.

काही गोष्टींना मात्र मी कधीच नॉर्मल म्हणणार नाही: पिवळा, वास येणारा स्राव, ताप, कानामागची वाढती सूज, उलटीसह गरगरणं, अचानक आणखी कमी ऐकू येणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं. यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी या, किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

नुसत्या "नॉर्मल आहे" या उत्तराने समाधान होत नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. कान मायक्रोस्कोपखाली पाहूनच पुढचं बोलता येईल, तेव्हा ऑपरेशनआधीची ऑडिओमेट्री घेऊन या आणि मनातले प्रश्न कागदावर लिहून आणा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. ऑपरेशनचे सगळे कागद तुम्हाला द्यायला मी रिसेप्शनवर सांगून ठेवलं आहे.

तोवर नाक जोरात शिंकरू नका, त्याचा दाब थेट नव्या पडद्यावर येतो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, आणि अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी लावायला विसरू नका.