ग्रंथपालांनी गप्प का बसायचं?

शाळेतल्या आम्हा जुन्या सोबत्यांत नुकताच वाद झाला. एकाने सुचवलं की, महाराष्ट्रातल्या ग्रंथपालांना सार्वजनिक धोरणांवर बोलायला तयार करावं. ग्रंथालयांचा निधी, गावातलं इंटरनेट, सरकारी योजनांची माहिती अशा प्रश्नांवर त्यांनी लोकप्रतिनिधींना गाठावं. त्यावर निवृत्त अधिकारी असलेला दुसरा म्हणाला, "ग्रंथपालाने पुस्तकांची देवघेव नीट करावी. धोरणं ठरवायला आमदार आहेत." बहुतेकांनी माना डोलावल्या. माझा संताप अजून उतरलेला नाही.

मी अमेरिकेत राहते. इथे ओहायो राज्यात बेकारी भत्त्याचा अर्ज बहुतेक जण ऑनलाइनच भरतात. घरी कॉम्प्युटर नसलेला माणूस आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ब्रँचमध्ये, माहिती विचारायच्या रेफरन्स डेस्कवर येतो. पासवर्ड चुकत राहतो, खातं लॉक होतं, माणूस रडकुंडीला येतो. नियम कुठे अडतो हे तो करणाऱ्यांच्या आधी डेस्कवरच्या बाईंना कळतं. त्या एकदा काउंटी कमिशनर्सच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांच्या, बैठकीत बोलल्या. वेळ तीन मिनिटं, हातात एकच कागद: लोक काय काय विचारायला येतात त्याची यादी. त्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं. मी मागच्या रांगेत होते. भाषण असं त्यात काही नव्हतंच, पण समोरच्यांनी पेनं उचलली.

ग्रंथपाल गप्प राहिले तर काय होतं, हेही याच देशात दिसलं. २००५ साली कनेक्टिकटमधल्या चार ग्रंथपालांकडे एफबीआयने वाचकांच्या कॉम्प्युटर वापराची माहिती मागितली, तीही कोर्टाच्या हुकुमाशिवाय. वर, पत्र आल्याचं कुणाला सांगायचंही नाही. ते कोर्टात गेले. ९/११ नंतर तपास यंत्रणांचे अधिकार वाढवणाऱ्या पेट्रिअट कायद्याच्या नूतनीकरणावर तेव्हा संसदेत चर्चा चालू होती, आणि ज्यांना त्याचा चटका बसला होता त्यांनाच बोलायची बंदी होती. मार्च २००६ मध्ये नूतनीकरण झालं, त्यांच्यावरची बंदी त्यानंतर उठली. त्यांची साक्ष आधी झाली असती तर?

"तुमच्याकडे तर पुस्तकांवर बंद्या येतात," असं मला लगेच ऐकवलं गेलं. येतात. पण स्कूल बोर्डाच्या बैठकीत त्या पुस्तकांच्या बाजूने कोण उभं राहतं? बऱ्याचदा ग्रंथपालच, नोकरी पणाला लावून.

आणि हे काही परदेशी खूळ नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन ग्रंथपालच होते. मद्रासचा १९४८ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा त्यांच्या पाठपुराव्यातून आला, ग्रंथालय करासकट, म्हणजे ग्रंथालयांसाठी घरपट्टीवर घेतलेल्या छोट्या अधिभारासकट. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, आणि त्यात कराची तरतूदच नाही. म्हणून ग्रंथालयं अनुदानाकडे डोळे लावून बसतात आणि कर्मचारी वर्षानुवर्षं वेतनश्रेणी मागत राहतात. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, रंगनाथनांच्या तसबिरीला हार घालायचा आणि त्यांनी केलं तेच आजच्या ग्रंथपालाने केलं की त्याला भानगड म्हणायचं, हे मला पटत नाही.

निःपक्षपातीपणाचा आक्षेप मात्र खरा आहे. इथे लेव्ही, म्हणजे ग्रंथालयासाठीचा स्थानिक कर, मतदानाला टाकलेली असते तेव्हा ग्रंथपाल कामाच्या वेळेत "होय म्हणा" असं सांगू शकत नाहीत. माहिती देतात, प्रचार नागरिकांचा गट करतो. अशी रेघ तिकडेही आखता येईल. पण त्याआधी पगार हवा. ज्याचं तुटपुंजं मानधन कार्यकारिणीच्या मर्जीवर आहे, तो तालुक्याच्या पुढाऱ्यासमोर काय बोलणार?

"तिथे बसून बोलणं सोपं आहे," हे वाक्य मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. माझ्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) आहे, भारतात मत नाही. इथल्या ग्रंथालयाची लेव्ही मी मतदानाने ठरवते. ज्या राज्यातल्या वाचनालयाने मला वाचायला शिकवलं, तिथे मला फक्त तावातावाने बोलता येतं. इथल्या बैठकीत मी मागच्या रांगेत बसते, पण मनात तिकडचीच भाषणं रचत असते. दोन्हीकडे मी अर्धीच आहे, आणि कदाचित म्हणूनच आवाज चढतो.

तरी माझी मागणी सोडत नाही. १९६७ च्या कायद्यात ग्रंथालय कर आणा, आणि तो मागायला विधानभवनात ग्रंथपालांनाच पाठवा. निवेदनाचा मसुदा मी लिहून देईन. खाली सह्या मात्र तिथल्या मतदारांच्या लागतील, आणि पहिली मला त्या निवृत्त अधिकाऱ्याची हवी आहे.