बारा पॉइंट आणि हिची ॲक्टिव्हा

गाडी बायकोच्या नावावर घेऊ नये. म्हणजे घ्यावी, पण मोबाईल नंबर तरी स्वतःचा द्यावा. आमची ॲक्टिव्हा हिच्या नावावर आहे आणि आरटीओच्या कागदावर नंबरपण हिचाच, त्यामुळं होतं काय की फोटो निघतो माझा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आणि चलन जातं थेट शाहूपुरीत, स्वयंपाकघरात.

मागच्या महिन्यात साडू येणार होते म्हणून एसटी स्टँडवर आणायला गेलो, तर सोबत त्यांचा पोरगा, चांगला दहावीतला, आणि तांदळाचं एक गाठोडं. रिक्षावाला ऐंशी म्हणला. मी म्हटलं ऐंशी कशाला, जागा काय कमी आहे का, बसा. बसले बिचारे. पोरगा मधे, साडू मागं, गाठोडं माझ्या पायात, आणि नेमका नाक्यावर फोन वाजला तो खांदा आणि कानाच्या मधे धरून मी "हां बोला बोला" करत निघालो. घरी येऊन चहा कपात पडायच्या आत हिचा मोबाईल टिंग झाला. ट्रिपल सीटचे हजार, हेल्मेट नाही त्याचे पाचशे, फोनचं आणि वेगळंच. फोटो मात्र झकास आला होता, साडूंचा चेहरा असा स्वच्छ की पोराच्या लग्नाच्या पत्रिकेत छापावा. रिक्षाचे ऐंशी वाचले.

खरं तर विषय इथंच मिटला असता. आपल्याकडं कसं, मोबाईलवरनं पैसे भरले की गंगेत घोडं न्हालं, दुसऱ्या दिवशी परत आपण मोकळे. पण तो रविवार होता आणि रविवारी आमच्या लेकीचा इंग्लंडवरनं व्हिडिओ कॉल असतो. लेस्टरला असते ती. तिकडं आपलं लायसन बारा महिनेच चालतं, मग त्यांचं काढावं लागतं, लेखी परीक्षेत पन्नास प्रश्न आणि त्रेचाळीस बरोबर आले तर पास, म्हणजे माझ्या दहावीपेक्षा अवघड. मग प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायची, त्यात आमची लेक पहिल्यांदा नापास झाली आणि दुसऱ्यांदा निघाली. मी लायसन काढलं तेव्हा मैदानात इंग्रजी आठ काढला होता, तोपण दीडच.

तर हिनं तो फोटो कॅमेऱ्यापुढं धरला. लेक म्हणली, "पप्पा, हितं असता तर तुम्हाला पॉइंट लागले असते."

मला वाटलं पेट्रोल पंपावर कार्डात जमा होतात तसले पॉइंट, नंतर त्याचा एखादा डबा-बिबा मिळतो. म्हटलं किती?

मग तिनं जे सांगायला घेतलं त्यात माझा चहा थंड झाला. तिकडं नुसता दंड भरून सुटका नाही. लाल सिग्नल तोडला, तीन पॉइंट. वेगात गेलात, कमीत कमी तीन. गाडी चालवताना फोन हातात घेतला तर सहा, वर दोनशे पौंड. हे सगळं स्वान्सी नावाच्या गावात एक ऑफिस आहे तिथं तुमच्या लायसनवर चढतं, आणि तीन वर्षांच्या आत बारा भरले की कोर्ट निदान सहा महिने गाडी बंद करतं. नवीन लायसनवाल्याला तर पहिल्या दोन वर्षांत सहा झाले की लायसनच रद्द, परत ते पन्नास प्रश्न. म्हणून लेक गाडीत बसली की फोन मागच्या सीटवर फेकते.

"आन् ट्रिपल सीटला?" हिनं विचारलं.

"टू-व्हीलरवर मागं एकापेक्षा जास्त बसवले तर तीन."

"म्हंजे नऊ झाले," ही म्हणली. गणित हिचं पहिल्यापासनं चांगलं.

लेकीनं मधे पडून सांगितलं की एकाच वेळी दोन गुन्हे असतील तर सहसा मोठ्याचेच पॉइंट धरतात, म्हणजे सहाच. आणि हेल्मेटला तिकडं दंड आहे पण पॉइंट नाही. मी म्हटलं बघ, तर ही म्हणली, "त्याचे पॉइंट डोस्कं फुटल्यावर टाक्यात मोजत्यात." आणि उठून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, जिथं दुधाचा हिशोब असतो, तिथं माझ्या नावापुढं सहा लिहिले. तारखेसकट.

मी जरा वाटाघाटी करून पाहिल्या. इटलीत म्हणे उलटं असतं, आधीच वीस पॉइंट देतात आणि चुकलं की कापतात, वर दोन वर्षं नीट चालवली तर दोन वाढवूनपण देतात. मी म्हटलं आपण इटलीचं घेऊया. ही म्हणली, तुम्हाला शंभर दिले तरी दिवाळीपर्यंत पुरायचे न्हाईत.

दुसरी एक युक्ती सुचली. म्हटलं गाडी तुझ्या नावावर, चलन तुझ्या मोबाईलवर, मग पॉइंटपण तूच घे की, तुझी पाटी कोरी आहे. लेक तिकडनं ओरडलीच. तिकडं ख्रिस ह्यून नावाचे एक नेते होते, पुढं मंत्री झाले, त्यांनी २००३ साली एम ११ हायवेवर गाडी पळवली, आणि पॉइंट घेतले बायकोनं स्वतःच्या नावावर. आठ वर्षं कुणाला पत्ता नाही. मग नवरा-बायकोचं फाटलं, आणि फाटल्यावर काय, सगळंच बाहेर आलं. मंत्रिपद गेलं आणि २०१३ ला दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. तीन पॉइंटसाठी! आमची गाडीपण एमएच ११, त्यामुळं ही गोष्ट मला जरा जास्तच लागली. गाडी कोण चालवत होतं ते मालकाला लेखी कळवावं लागतं म्हणे तिकडं, नाही कळवलं तर त्याचेच सहा.

असो. मी सुधारलो. तीन आठवडे गोडोली असो की मोती चौक, हेल्मेट घालून एकटाच फिरलो, ओळखीच्यांनी हात केला तरी थांबलो नाही, दोघंजण बोलायचे बंद झाले. आणि मग एका संध्याकाळी राजवाड्याकडनं येत होतो, फोन वाजला, बघतो तर हिचा. आता हिचा फोन न उचलण्याची काय शिक्षा आहे ती इंग्लंडच्या कायद्यात नाही, पण आमच्या घरात आहे, म्हणून एका हातानं हँडल धरून दुसऱ्यानं उचलला.

"कुठं हाय?"

"आलोच, समर्थ मंदिरापाशी हाय."

"गाडीवर?"

"मग काय घोड्यावर?"

पलीकडं शांतता. मग नुसतं "बरं, कोथिंबीर आणा" म्हणून फोन ठेवला. घरी आलो तर कॅलेंडरमागं बारा झाले होते. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर विश्वास बसत नाही, पण फोन करणारी तीच, साक्षीदार तीच, जज तीच. कोथिंबीर मात्र घेतली.

तिकडं बारा भरल्यावरपण कोर्टात एक विनंती करता येते, की साहेब माझी गाडी बंद केली तर फार मोठी अडचण होईल. नुसतं मला चालायला लागेल असं म्हणून भागत नाही, दुसऱ्याचे किती हाल होतील ते पटवावं लागतं. मी स्वयंपाकघरात उभा राहून पटवलं. म्हटलं तुझ्या आईला दवाखान्यात कोण नेणार? "रिक्षा." दळण? "गिरणी गल्लीत हाय." गॅसची टाकी? "घरपोच येतीय." मग मला कळंना की मी या घरात तीस वर्षं नक्की करत काय होतो. सहा महिने गाडीची किल्ली जप्त.

आता ही चालवते आणि मी मागं. हेल्मेट घालून, मांडीवर भाजीची पिशवी. चालवते चांगली, फक्त सिग्नल पिवळा दिसला की हिला तो आपल्यासाठीच लावलाय असं वाटतं. मी दोनदा मागनं बोललो, तर गाडी चालवणाऱ्याशी बोलू नये म्हणली, एसटीत लिहिलेलं असतं तसं.

परवा जेवताना परत टिंग झालं. हिनं बघितलं आणि मोबाईल पालथा ठेवला. मी सरळ केला. सिग्नल लाल, गाडी पट्ट्याच्या चांगली पलीकडं. फोटो मागनं काढलेला, त्यात नंबरप्लेट आणि माझी पाठ. माझी पाठ रुंद आहे, त्यामुळं पुढं कोण बसलंय ते कळायला मार्ग नाही.

"तीन पॉइंट," मी म्हटलं, आणि पेन शोधायला उठलो.

"आवो बसा की," ही म्हणली. आवाज एकदम मऊ. आमटी वाढली, न मागता. "रविवारी पोरीला सांगायचं तर... तुमचे तसेबी बारा झाल्यात. हे तुमच्याच नावावर लावूया का?"

मी म्हटलं, "अगं त्या मंत्र्याचं ऐकलंस ना, आठ महिन्यांची शिक्षा झाली त्याला."

"सहा तर तुम्ही काढताच हाय," ही म्हणली, "वर दोनानं काय व्हतंय?"