चेहरे राहू द्या, मागची भिंत बघा

परवा शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने जुन्या अमेरिकेचे दहा-बारा फोटो टाकले. ओसरीवर बसलेलं कुटुंब, धुळीने माखलेली मोटार, अनवाणी पोरं. खाली ओळ : 'गरिबी होती, पण माणसं सुखी होती.' त्यावर धडाधड बदाम आणि जोडलेले हात. मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही.

गंमत अशी की हे फोटो काढले होते ते 'ही माणसं सुखी नाहीत' हे दाखवायला. महामंदीत शेतकरी देशोधडीला लागले, रुझवेल्ट सरकारने मदतीच्या योजना काढल्या, आणि तो खर्च शहरातल्या लोकांच्या गळी उतरवायला १९३५ मध्ये एका सरकारी खात्यात फोटोंचा विभाग सुरू झाला. फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हे त्या खात्याचं पुढचं नाव. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर. तो डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली अशा मंडळींना गाडी आणि फिल्म देऊन गावोगाव पिटाळायचा. काय काय टिपून आणायचं याच्या याद्याही धाडायचा. पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयात आहेत, घरबसल्या फुकट बघता येतात. माझ्या कित्येक रात्री त्यात गेल्यात. (नवऱ्याला वाटतं मी सिरीज बघते.)

या स्ट्रायकरची एक खोड होती. निगेटिव्ह पसंत पडली नाही की तो तिला पंचने भोक पाडायचा. ऑफिसात फाईलच्या कागदांना पाडतात तसं. फोटोग्राफर चिडायचे, पण सुरुवातीची काही वर्षं हे चाललंच. आता त्या निगेटिव्हचे फोटो बघितले की कुणाच्या गालावर, कुणाच्या शेतावर काळाकुट्ट गोल दिसतो. मला हे भोक पडलेले फोटो फार आवडतात. कुणीतरी निवड केली होती, हे ते लपवत नाहीत.

'मायग्रंट मदर' हा लँगचा फोटो तुम्ही पाहिलेला असतोच. कॅलिफोर्नियातलं निपोमो, मार्च १९३६. कपाळावर आठ्या, खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुलं. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळायला १९७८ उजाडलं. ती मूळची चेरोकी या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीची, हे तर त्या फोटोवरून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपल्याला यातून एक दमडी मिळाली नाही, अशी तिची तक्रार होती. रास्तच.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच एका फोटोबद्दल. अलाबामातलं जीझ बेंड, १९३७, फोटो आर्थर रॉथस्टाइनचा. ओंडक्यांचं घर, खिडकीत उभी एक काळी मुलगी. खिडकीला काच नाही, फळीचं दार आहे, आणि वारा आत येऊ नये म्हणून त्यावर वर्तमानपत्र चिकटवलंय. त्या कागदावर खाण्याच्या पदार्थांची जाहिरात. जाहिरातीत हसरी गोरी बाई. मुलगी बाहेर बघतेय, बाई तिच्याकडे. रॉथस्टाइनला हे तिथेच दिसलं असणार, असं मला वाटतं. पण कागद त्याने चिकटवलेला नाही. तो त्या घरातल्या कुणीतरी खळ लावून, थंडीसाठी चिकटवलाय. फडताळात अंथरलेल्या पेपरावरच्या जाहिराती वाचत वाचायला शिकलेल्या माझ्यासारखीला तो कागद मुलीच्या चेहऱ्याआधी दिसतो.

ग्रुपवर मी उत्तर म्हणून मॅरियन पोस्ट वॉलकॉटचा फोटो टाकला. मिसिसिपीतलं बेल्झोनी, ऑक्टोबर १९३९. भर उन्हात एक माणूस बाहेरच्या जिन्याने थिएटरच्या वरच्या दाराकडे चाललाय. भिंतीवर बाणासकट लिहिलंय, 'कलर्ड' (म्हणजे काळ्यांसाठी), तिकीट १० सेंट. खाली एका दारावर 'फक्त गोऱ्या पुरुषांसाठी'. शेजारी डॉक्टर पेपर या पेयाची जाहिरात. तिन्ही पाट्या नीटनेटक्या रंगवलेल्या, जशा असायच्या तशा. कुणी मारत नाही, कुणी रडत नाही. माणूस सिनेमाला चाललाय. यातला रोजचेपणाच मला जास्त भिववतो.

मित्र म्हणाला, 'तू प्रत्येक गोष्टीत राजकारण आणतेस.' अरे बाबा, मी आणलं नाही, ते भिंतीवर रंगवलेलं आहे!

हौसेने बघणाऱ्यांना एकच विनंती : फोटो मोठा करून बघा. इव्हान्सने १९३६ मध्ये अलाबामातल्या एका कुळाच्या स्वयंपाकघराची भिंत टिपलीय. माणूस नाही, फक्त फळ्या, आणि फळीवर ठोकलेल्या पट्टीमागे खोचलेले काटे-चमचे. त्यातून त्या घरातली बाई मला जास्त कळते.

त्या रात्री आमचे अल्बम काढले. आजीचा एकच धड फोटो : स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यासमोर, ताठ. जिथे तिचा जन्म गेला त्या स्वयंपाकघराचा एकही नाही. मग माझ्या सहाव्या वाढदिवसाचा फोटो सापडला. केकमागे, अर्धं कापलं गेलेलं : पितळी स्टोव्ह, तेलकट झालेलं कालनिर्णय आणि खिळ्याला दोऱ्याने टांगलेली स्टोव्हची पिन. लेक म्हणाली, 'ती सुई कशाला?'


सांगायला बसले, तर केक राहिलाच बाजूला.