हे कुठलं गाणं?

आज भाचीशी भांडलो. चौदा वर्षांच्या पोरीशी, एका गाण्यावरून. मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि आता हे लिहितोय, कारण ताई म्हणते "तुझं काहीतरीच असतं" आणि बायको नेहमीप्रमाणे ताईच्या बाजूने.

('माडोका मागिका' ही जपानी कार्टून मालिका बघितली नसेल आणि कधी बघायची असेल तर इथूनच मागे फिरा. पुढे सगळं फोडणार आहे. नंतर कमेंटमध्ये शिव्या घालायच्या नाहीत.)

ताई चार दिवस राहायला आलीय. भाचीने स्वतःहून विचारलं, "मामा, तू हॉस्टेलवर बघायचास ते जपानी काहीतरी लाव ना." मला काय आनंद झाला असेल! 2011ची मालिका, बाराच भाग, ॲपवर आयती मिळाली. पहिला भाग लावला, शीर्षकगीत सुरू झालं, गुलाबी केसांची माडोका पळायला लागली आणि खाली कोपऱ्यात ते बटण उगवलं. 'स्किप इंट्रो'. तिने दाबलं. म्हटलं, जाऊ दे. दुसऱ्या भागाला दाबलं. तिसऱ्याला मी हळूच म्हणालो, "अगं, राहू दे की." तर म्हणे, "मामा, सेमच तर असतं रोज."

आज दहावा भाग होता. दहाव्याला सुरुवातीला गाणं नाहीच. भाग थेट सुरू होतो, आणि संपताना, जिथे एरवी दुसरं अंधारं गाणं लागतं, तिथे हे लागतं. सुरुवातीचं गाणं शेवटाला. मी श्वास रोखून तिच्याकडे बघत बसलो होतो. ॲपने चित्र आक्रसून कोपऱ्यात टाकलं, 'पुढचा भाग पाच सेकंदांत' सुरू झालं, आणि तिने मान वळवून विचारलं,

"हे कुठलं गाणं?"

संपलं. नऊ वेळा दारात येऊन उभं राहिलं होतं ते, नऊ वेळा तोंडावर दार आपटलं, आणि दहाव्या वेळेला 'आपण कोण?'

आता आमच्या लातूरकराची गोष्ट सांगितल्याशिवाय मला काय झालं ते तुम्हाला कळणार नाही. रूममेट. गावावरून लातूरकर, खरं नाव चौथ्या सेमिस्टरपर्यंत मला धड माहीत नव्हतं. त्याच्या लॅपटॉपचा पंखा बिघडलेला, म्हणून लॅपटॉप मेसमधून ढापलेल्या स्टीलच्या ताटावर ठेवायचा. हार्डडिस्क मोज्यात गुंडाळलेली. इअरफोन एकच, त्यामुळे डावा कान माझा, उजवा त्याचा. आणि नियम एकच: गाणं पुढे ढकलायचं नाही. दीड मिनिट गप बसायचं. मी एकदा स्पेसबारच्या शेजारच्या बटणाकडे बोट नेलं तर हातावर फटका मारला होता त्याने. मला वाटायचं, याला गाण्यातली पोरगी आवडते बहुतेक.

मग आला दहावा भाग. संपत आला तसा त्याने स्वतःच्या कानातला इअरफोन काढला आणि काही न बोलता माझ्या उजव्या कानात घातला. गाणं लागलं. दोन्ही कानांत. मी स्क्रीनकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे.

त्या दीड मिनिटात आहे काय एवढं? सांगतो. गाण्याचं नाव 'कनेक्ट'. शब्द आणि चाल दोन्ही शोउ वातानाबेची, गाणाऱ्या 'क्लॅरिस' म्हणजे तेव्हा शाळेत जाणाऱ्या आणि तेव्हा चेहरा न दाखवणाऱ्या दोन मुली. ऐकायला एकदम गोड, पोरासोरांचं. पहिलीच ओळ साधारण अशी, की दिलेलं वचन विसरणार नाही. डोळे मिटून खात्री करून घेईन आणि अंगावर येणारा अंधार झटकून पुढे जाईन. पडद्यावर माडोका दिसतेय, मालिकेचं नाव माडोका, म्हणजे बोलतेय तीच, असं आपण धरून चालतो. जपानीत कर्ता गाळला तरी चालतं. आपल्याकडेही चालतं की! 'विसरणार नाही.' कोण? मी, तू, ती? आपण विचारतसुद्धा नाही.

दहाव्या भागात कळतं कोण ते. होमुरा. ती लांब काळ्या केसांची, तुसडी, पहिल्या भागापासून माडोकाच्या आडवी येणारी. ही होमुरा मुळात दोन वेण्यांची, चष्म्याची, हृदयाच्या दुखण्यातून उठून नव्या वर्गात आलेली घाबरट पोरगी. माडोका ही तिची पहिली मैत्रीण. माडोका मरते. होमुरा महिनाभर मागे जाते. माडोका परत मरते. परत मागे. दर वेळेला माडोका तिला नव्याने भेटते, अनोळखी माणसाला भेटावं तशी. आणि एका फेरीत, दोघी चिखलात पडलेल्या असताना, माडोका तिला म्हणते की परत जा, त्या क्यूबेच्या (पोरींना फूस लावून जादूवाल्या मुली बनवणारा तो प्राणी) थापांना मी भुलायच्या आत मला वाचव. होमुरा हो म्हणते. गाण्यातलं वचन ते. नऊ भाग तुम्ही ऐकत होतात आणि तुम्हाला ती हवा-पाणी-आशा वगैरे वाटत होती!

अजून एक बघा. गाण्यात माडोका जादूवाल्या मुलीच्या फ्रॉकमध्ये दिसते. आणि चालू कथेत? शेवटच्या भागापर्यंत ती त्या फ्रॉकमध्ये जातच नाही, ती जाऊ नये म्हणून तर सगळी मारामारी. म्हणजे ती चित्रं पुढचीही नाहीत, आत्ताचीही नाहीत. त्या फ्रॉकमधली माडोका पाहिलेली एकच व्यक्ती उरलीय. मालिकेचा लेखक उरोबुची गेन हा आपल्याच पात्रांचे हाल करणारा नग आहे हे माहितीच आहे लोकांना, पण गाण्यातसुद्धा कट रचून ठेवलाय राव.

आणि लोक म्हणतात, कार्टूनचं गाणं.

हे म्हणणारे कोण, तर रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर मांडी घालून चड्डी आणि फुलाचं गाणं बोंबलणारे. तो मोगलीसुद्धा जपान्यांनीच काढलेला होता, गाणं तेवढं आपल्या गुलजार आणि विशाल भारद्वाजचं. 'आभाळमाया'चं शीर्षकगीत लागलं की गॅस बंद करून बाहेर येणाऱ्या आया होत्या आपल्या. त्याच्याही आधी संगीत नाटकाला नांदी असायची. नांदी म्हणजे नुसती देवाची आळवणी नव्हे, पुढच्या गोष्टीचं बी तिच्यात पेरलेलं असावं हे आपल्याच जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय. नांदी चालू असताना कुणी म्हणालं का, "ओ, पुढे घ्या"? म्हटलं असतं तर पिटातून चप्पल आली असती.

बरं, मान्य. बरीचशी शीर्षकगीतं रेकॉर्ड कंपनीची जाहिरातच असतात, कथेशी काडीचा संबंध नसतो, आणि दोनशे-तीनशे भागांच्या मालिकांना मीही तेच बटण दाबतो.

आणि हेही सांगून टाकतो, कारण लातूरकर पोस्ट वाचेल आणि कमेंटमध्ये उकरेलच. 'इव्हँगेलियन' या दुसऱ्या जपानी मालिकेचं 1995चं ते प्रसिद्ध शीर्षकगीत लिहिणाऱ्या ओइकावा नेकोबाईंनी स्वतःच सांगितलंय की त्यांनी भाग नीट पाहिलेच नव्हते, पळवत पळवत बघितले आणि दोन तासांत गाणं लिहून दिलं. पळवत! आणि गाणं कसलं, तर घर सोडून निघालेल्या पोराकडे कुणी मोठी बाई बघत असावी तसं. नंतर ती अख्खी मालिका आईवरच येऊन थांबते. आता यावर मी काय बोलू? नशीब असतं एकेकाचं. पण बाईंनी पळवलं ते लिहिण्यासाठी, आपण पळवतो ते दीड मिनिट वाचवून रील बघण्यासाठी.

जपानमध्ये ओसाकाकडच्या लोकांनी हा दहावा भाग पाहिला तो 10 मार्च 2011च्या रात्री उशिरा. दुसऱ्या दिवशी दुपारी भूकंप, मग त्सुनामी. उरलेले दोन भाग थांबवले, ते दाखवले थेट 21 एप्रिलच्या रात्री. म्हणजे सहा आठवडे लोक त्या शेवटाला आलेल्या गाण्यावरच अडकून होते. बाहेर ते सगळं चाललेलं, आणि डोक्यात अंधार झटकून पुढे जाणारी ती ओळ. माझी भाची पाच सेकंदही थांबली नाही.

थांबा. हे जरा जास्तच झालं. तिचा काय दोष? बटण तिने बनवलेलं नाही. तिच्या हातावर फटका मारणारा कुणी भेटला नाही, आणि शेजारी बसलेला मामा "राहू दे की" म्हणून गप बसला. लातूरकराने मला सोडलं नव्हतं.

मला फार उशिरा लक्षात आलं, त्याने ती मालिका माझ्याबरोबर पहिल्यांदा पाहिलीच नव्हती. माझ्याआधी त्याच मजल्यावरच्या तिघांना दाखवून झाली होती. दर वेळेला पहिल्यापासून. दर वेळेला शेजारी बसलेला अडाणी जीव गाणं ऐकतोय आणि त्याला काही माहीत नाही, आणि आपल्याला सगळं माहीत आहे आणि सांगता येत नाही. होमुरा तरी जादू करत होती. हा आपला ताटावर लॅपटॉप ठेवून, पहाटे दोनला, सकाळी प्रॅक्टिकल असताना, पहिल्यापासून.

त्याला मघाशी मेसेज टाकला. हल्ली आमचं बोलणं वाढदिवस आणि गणपतीपुरतं. "भाचीने दहावा बघितला. सगळी गाणी स्किप केलेली. शेवटी विचारते, हे कुठलं गाणं."

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "मग? परत लाव पहिल्यापासून."

साडेअकरा झालेत. ताईची गाडी सकाळी सातची. दहा भाग, चोवीस-चोवीस मिनिटांचे, म्हणजे चार तास. भाची अजून जागी आहे, दाराखालून मोबाइलचा उजेड दिसतोय. कपाटातून जुना वायरवाला इअरफोन शोधून काढलाय, डावा कान जरा खरखरतो, तो मी घेईन.

ताई, तू हे वाचत असशील तर झोप गपचूप.